बांधावरून पडली

डॉक्टरांनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा खोटं सांगितलं.

मंगळवारची संध्याकाळ होती. बाहेर पाऊस लागून राहिलेला, दवाखान्याच्या फरशीवर चिखलाच्या पायांचे ठसे, आणि बाकावर माझी नणंद प्रिस्किला. उजवा हात ओढणीच्या झोळीत. कोपर आणि मनगट यांच्या मधे जिथे हाताला वाकायला जागाच नसते, तिथे तो वाकला होता. ती रडत नव्हती. दात आवळून बसली होती आणि तिच्या वेणीतून खाचरातलं गढूळ पाणी अजून ठिबकत होतं.

"कसं झालं?" डॉक्टर म्हणाले. तरुणच होते, बाहेरगावचे.

माझ्या मागे माझा नवरा दानियल उभा. त्याच्या मागे प्रिस्किलाचा सासरा आमश्या, टोपी हातात घेऊन. प्रिस्किलाने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "बांधावरून पडली साहेब. लावणी चाललीय ना, बांध निसरडे झालेत."

त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मग माझ्याकडे बघितलं. "पडलेल्या माणसाचं मनगट जातं, ताई. असं मधोमध हाड मोडतं ते माणसाने हात वर करून काही अडवलं तर. नक्की पडली?"

आता मी काही अडाणी बाई नाही. बारा वर्षं झाली, आमच्या पाड्यांची आशा आहे मी. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या, सगळं या हातांनी केलं. डॉक्टर काय विचारतायत ते मला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. तरी मी म्हणाले, "पडलीच. मी बघितलं ना."

बघितलं म्हणे! मी तेव्हा दोन कोसांवर माझ्या खाचरात कमरेत वाकलेली होते. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं आणि तिला प्लास्टर घालायला आत नेलं. जाता जाता प्रिस्किलाने एकदा माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

खरं काय झालं ते तिने रात्रीच्या भाकरीच्या आधी, आमच्या चुलीपाशी बसून सांगितलं. आमचं हे सगळं बोलणं आमच्या बोलीतलं. तुम्हाला कळावं म्हणून मी मराठीत सांगतेय, पण शब्द तेच आहेत.

त्या दिवशी दिग्विजयच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या शेतात लावणी होती. सहा बाया, दोन गडी. वरच्या खाचरात पाणी तुंबलेलं. प्रिस्किला म्हणाली, "वरचं पाणी आधी सोडा, नाहीतर बांध जाईल." एवढंच. एक गडी हसला, "दिग्विजय, तुझ्या घरातच इंजिनियर आहे की रे!" दिग्विजयही हसला. बाया जेवायला वर गेल्यावर तो फावडं घेऊन तिच्यामागे आला. फावडं उलटं धरलेलं, दांडा पुढे. पहिला पाठीवर. दुसरा डोक्यावर येत होता, तेव्हा तिने हात वर केला.

"आणि बांध?" मी विचारलं. काय विचारावं तेच सुचत नव्हतं मला.

"फुटला. मला दवाखान्यात आणायच्या आधीच. मी सांगितलं होतं तिथेच."

पाच वर्षांच्या संसारात ही चौथी वेळ. एकदा पाठ, एकदा कान, एकदा पोटुशी असताना ओट्यावरून ढकललं होतं. पण त्या रात्री ती जे बोलली ते आधी कधी बोलली नव्हती. "भाबी, हात मोडला म्हणून तो थांबला नाही. फावडं ओलं होतं, हातातून सटकलं, म्हणून थांबला. मी परत गेले तर पुढच्या वेळी एक्स-रे काढायला मी नसेन."

चार वर्षांची मोहिनी, तिची पोर, तिकडेच राहिली होती.

आमच्याकडे असं काही झालं की पंच बसतात. ही रीत जुनी, आणि आम्ही चर्चला जाणारे असलो, तिच्या सासरचे जुने देव मानणारे असले, तरी जात एकच आणि पंचही तेच. चूक ज्याची तो बकरा देतो. बकरा कापतात, शिजवतात, आणि जिला मार बसला तिने त्या जेवणातला पहिला घास घ्यायचा. तिने घास गिळला की भांडण संपलं. मग त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, ना घरात, ना ठाण्यात. काढला तर सगळं घर वाळीत. आणि बाई त्याच दिवशी नवऱ्यामागे चालत सासरी.

मला ही रीत कोणी शिकवायला नको. आठ वर्षांपूर्वी दानियलने माझा दात पाडला होता. खालचा, डावीकडचा. तेव्हा तो प्यायचा, आता पीत नाही, सोडली त्याने. पण दात गेला तो गेला. माझ्यासाठीही बकरा कापला. त्यात कांदा मीच चिरला, मसाला मीच वाटला, आणि सुजलेल्या तोंडाने पहिला घास मीच खाल्ला. किती समजूतदार बाई, म्हणाले सगळे. त्या पडलेल्या दाताच्या जागी माझी जीभ अजून जाते, विशेषतः राग आला की.

बुधवारी सकाळी कारभाऱ्याचा निरोप आला. रेवजी आमच्या पंचांचा कारभारी, पांढऱ्या मिशीचा, गोड बोलणारा माणूस. शनिवारी दुपारी त्याच्या अंगणात पंच बसतील.

पण शनिवारपर्यंत भात थांबणार होतं थोडंच? आमचं रोप महिन्याचं होऊन वर गेलं होतं, शेंडे पिवळे पडायला लागले होते. आणखी आठ दिवसांनी लावलं असतं तर फुटवाच आला नसता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार आम्ही खाचरातच होतो. दानियल औत धरून चिखल करायचा, मी आणि पाड्यावरच्या चार बाया रांगेत वाकून लावत मागे मागे सरकायचो. पायाची बोटं सडून पांढरी झालेली, नखांत गाळ, कमरेत सारखी कळ. डोक्यावरून घेतलेल्या प्लास्टिकच्या खोळीत पाणी साचायचं आणि वाकलं की मानेवर यायचं.

प्रिस्किला घरात बसायला तयार नव्हती. बांधावर पोतं अंथरून बसायची, प्लास्टरवर युरियाची रिकामी पिशवी बांधून, आणि डाव्या हाताने अन् दाताने रोपांच्या जुड्यांची गाठ सोडून आमच्याकडे फेकायची. बाया खाली मान घालून लावत होत्या. शांतीबाई त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी. ती एकदाच म्हणाली, "शनिवारी बकरा मोठा मागा." दुसरी म्हणाली, "नुसता मोठा नको, पाठीवर मांस पाहिजे." सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. प्रिस्किला हसली नाही, तिने पुढची जुडी सोडायला घेतली.

गुरुवारी भर दुपारी आमश्या आला. बिस्किटाचे दोन पुडे घेऊन आला, बांधावर ठेवले, आणि उकिडवा बसला. दानियलने औत थांबवलं.

"पोरगी आईसाठी रडते," आमश्या म्हणाला.

"मग आणायची बरोबर," मी चिखलातूनच म्हणाले.

"शनिवारी आणू. जेवणाला." त्याने प्रिस्किलाकडे बघितलं. तिने एक जुडी दातात धरली होती, गाठ ओढत होती. "आमची लावणी निम्म्यावर पडलीय. बांध फुटला, रोप वाहून गेलं. घरात हात कमी आहेत." मग म्हणाला, "जुड्या सोडायचं काम काय, आमच्याकडेही करता येईल. एका हाताने जमतंय की सूनबाईला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या माणसाला तिचा मोडलेला हात दिसत नव्हता, उरलेला एक दिसत होता! मी दानियलकडे बघितलं. वाटलं, भाऊ आहे, आता तरी बोलेल. तो बैलाच्या मानेवरची माशी हाकलत होता.

प्रिस्किलाने जुडी सोडली, फेकली, आणि दुसरी उचलली. आमश्या गेल्यावर तिने ते बिस्किटाचे पुडे पायाने चिखलात लोटले.

त्या संध्याकाळी मी दानियलला धरलंच. तो ओट्यावर पाय धूत होता.

"तिला पाठवायचं नाही," मी म्हणाले. "जेवण नको. विसरवाडीला ठाण्यात जाऊ."

"आणि काय सांगू?"

"खरं."

"खरं काय आहे ते कागदावर लिहिलंय." तो पाय चोळत राहिला. "बांधावरून पडली. तूच सांगितलंस. दोनदा. सरकारी कागद आहे तो, आणि तू सरकारी बाई. उद्या ते विचारतील, तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेस? मग तुझी आशाची वही राहील तुझ्याकडे?"

घरोघर जाऊन बायांना सांगणारी मी, लपवू नका, दुखतंय ते दवाखान्यात सांगा. आणि माझ्याच नणंदेचं तोंड मी बंद केलं होतं. दानियलने मला काही करायला सांगितलंसुद्धा नव्हतं. तो नुसता मागे उभा होता.

"तू का गप्प होतास?" मी विचारलं.

"मी काय बोलणार?" तो म्हणाला आणि आत गेला. त्याला कुठल्या तोंडाने बोलता येणार होतं, ते मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

शनिवारी पावसाने जरा उघडीप दिली. रेवजीच्या अंगणात ताडपत्री बांधली होती, तिच्याखाली पुरुष बसले, पंच पुढे, बाकीचे मागे. बाया पलीकडे, चुलाणापाशी. बकरा सकाळीच कापला होता. मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत होता आणि दिग्विजयची आई सोनीबाई डाव घेऊन ढवळत होती. कमरेवर मोहिनी. पोरीने आईला बघितलं आणि हात पुढे केले, तशी सोनीबाईने तिला दुसऱ्या कमरेवर घेतलं. आमश्याची नजर होती तिकडे.

"जेवण झालं की जाईल आईकडे," तो लांबूनच म्हणाला.

प्रिस्किला खांबाला टेकून खाली बसली. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

पंचांत बाया बसत नाहीत. पण लिहायला बसते ती मी, कारण पाड्यावर माझ्याइतकं नीट मराठी कोणाला लिहिता येत नाही, आणि रेवजीचा चष्मा फुटलेला. कांदा चिरता चिरता मला हाक आली. हात पदराला पुसून मी पुरुषांच्या कडेला बसले, मांडीवर लांब वही, पानाखाली कार्बन. रीतीप्रमाणे दोन कागद होतात, एक मुलाकडच्यांना, एक मुलीकडच्यांना.

"लिही," रेवजी म्हणाला. "नवराबायकोत किरकोळ बोलाचाली झाली..."

माझं पेन थांबलं. का थांबलं, मी सांगू शकत नाही. मी काही ठरवून बसले नव्हते. दवाखान्यातला तो कागद डोळ्यांसमोर आला, बस.

"काका," मी म्हणाले, "किरकोळ लिहिलं तर किरकोळला बकरा कसला? उद्या हेच म्हणतील, पंचांनी फुकट दंड घेतला. काय झालं ते यांनाच सांगू दे, मी तसं लिहिते."

मागून एक जण हसला. "बरोबर बोलते. लिही, लिही, नीट लिही."

दिग्विजय मांडी घालून बसला होता, धुतलेला शर्ट घालून, केसांना तेल लावून. दिसायला चांगला आहे मेला. "एक चापट मारली," तो म्हणाला.

"फावड्याचा दांडा," खांबापासून आवाज आला.

"बायांनी मधे बोलायचं नाही!" रेवजी ओरडला.

मी वर बघितलं नाही. "दिग्विजयभाऊ, पंचांसमोर बसलाय तुम्ही. पंचांसमोर खोटं बोललं तर दंड दुप्पट, रीत आहे. कशाने मारलं?"

त्याने बापाकडे बघितलं. आमश्याने मान खाली घातली. रीत त्यालाही ठाऊक होती.

"दांड्याने."

"किती वेळा?"

"मोजले नाहीत. दोन. तीन असतील."

"कुठे?"

"पाठीवर. मग तिने हात मधे घातला." जणू हाताचीच चूक!

मी शब्दन्‌शब्द लिहिलं. फावड्याचा दांडा, मंगळवार, दुपार, दोन किंवा तीन वेळा, पाठीवर आणि उजव्या हातावर, हात मोडला. मोठ्याने वाचून दाखवलं. दिग्विजयने सही केली, आमश्याने अंगठा दिला, पाचही पंचांनी सह्या-अंगठे केले. एक कागद आमश्याने घेतला. दुसरा दानियलने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. मी कार्बन काढला आणि वही मिटली.

मग पानं मांडली. सागाच्या पानांच्या पत्रावळी, त्यावर भात, त्यावर रस्सा. सगळे सकाळपासून उपाशी, चिखलातून आलेले. पण पहिला घास झाल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नाही. प्रिस्किलाला उठवून मधे आणून बसवलं. तिच्यासमोर पान ठेवलं.

आणि इथेच अडलं. तिचा उजवा हात प्लास्टरमधे. डाव्या हाताने घास घ्यायचा नसतो.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. रेवजी हसला, मिशीवरून हात फिरवला. "त्यात काय! दिग्विजय, तू भरव. नवराच आहेस."

हशा पिकला. लग्नातला घास भरवल्यासारखं कोणी ओरडलंसुद्धा. दिग्विजय उठला, तिच्यासमोर उकिडवा बसला, भात-रस्सा कालवला, आणि घास तिच्या तोंडाजवळ नेला. त्याच हाताने. मंगळवारी फावडं धरलं होतं तो हाच हात.

प्रिस्किलाने तोंड उघडलं नाही.

"घे," तो हळू म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती मोहिनीकडे बघत होती. रस्सा त्याच्या बोटांतून ओघळून तिच्या पांढऱ्या प्लास्टरवर पडला, पिवळे-लाल डाग पडले. ताडपत्रीवर साचलेलं पाणी एका बाजूने खाली पडत होतं. भात निवत होता.

"घे गं पोरी, लोक ताटकळलेत," एक पंच म्हणाला.

"नखरे पुरे," दुसरा.

दिग्विजयचा कान लाल झाला होता. चारचौघांत पुन्हा हसं झालं होतं. मला त्याचा जबडा दिसत होता. मला भीती वाटली, खरी भीती, की आत्ता इथेच हा तिला मारतो.

"निर्मला," रेवजीने मला हाक मारली, अगदी गोड आवाजात. "तू भरव. तुझं ऐकेल ती. त्या वर्षी तू किती समजुतीने खाल्लंस. तुझा संसार बघ, कसा झाला पुढे."

मी उठले. दिग्विजयच्या हातातून घास माझ्या हातात घेतला. सगळ्यांनी श्वास सोडला. प्रिस्किलाने आता माझ्याकडे बघितलं, आणि तेच, दवाखान्यातलंच बघणं.

घास गरम नव्हता आता. माझी जीभ त्या दाताच्या जागेवर गेली.

मी घास पानावर परत ठेवला आणि तांब्यातल्या पाण्याने हात धुतला.

"काका, माझ्या पोटात तो बकरा अजून तसाच आहे," मी म्हणाले. "आठ वर्षं झाली, पचला नाही. हिला मी नाही भरवणार."

मग जो गलका झाला! आमश्या उठला, वाळीत टाका म्हणाला, घरच वाळीत टाका. पंच एकदम बोलायला लागले. दिग्विजयने प्रिस्किलाचा हात धरला आणि तिला ओढून उठवायला गेला. प्लास्टरचाच हात. चार दिवसांत पहिल्यांदा ती ओरडली. तसा आवाज मी बाळंतपणातही ऐकला नाही.

आणि सोनीबाई आली. डाव हातातच, त्यातून रस्सा गळतोय. पोराच्या मनगटावर तिने तो गरम डाव ठेवला. त्याने हात सोडला.

"माझ्यासाठी पाच बकरे कापले यांनी," ती आमश्याकडे बघून म्हणाली. तिचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या घोळक्यात ऐकला असेल लोकांनी. "पाचही मीच शिजवले. हा सहावा मी शिजवला, पण हिने खाल्लेला मला बघवणार नाही." तिने मोहिनीला कमरेवरून उतरवलं आणि प्रिस्किलाच्या डाव्या हाताशी उभं केलं. मग पातेल्यावर झाकण ठेवलं आणि चुलाणातली लाकडं बाहेर ओढायला लागली.

मी दानियलकडे गेले. त्याच्या खिशात हात घातला. त्याने माझं मनगट पकडलं.

घट्ट. आठ वर्षांत तसं पकडलं नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिले. दुखत होतं, पण मी हात मागे घेतला नाही. कागद माझ्या बोटांत होता. मग त्याची बोटं सुटली. माझ्या मनगटावर चार पांढरे वळ उमटले होते, तोही ते बघत होता.

"चल," मी प्रिस्किलाला म्हणाले. मोहिनीला उचललं, आणि आम्ही निघालो. मागून रेवजी ओरडत होता, पंचांचा कागद आहे, बाहेर न्यायचा नाही. कोणी मागे आलं नाही. त्यांना त्या पातेल्याचं काय करायचं ते अजून कळत नव्हतं.

सडकेपर्यंत दीड कोस. वाटेत तिला दोनदा चक्कर आली. सडकेवर एक रिक्षा मिळाली. हिलाल नावाचा तापीकाठचा माणूस, खताची पोती पोचवून परत चाललेला. त्याने आरशातून बघितलं. "हातले काय व्हयनं ताई?"

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर काय आलं होतं, सांगू? तेच. बांधावरून.

प्रिस्किला म्हणाली, "नवऱ्याने मारलं." पहिल्यांदा तीच म्हणाली, परक्या माणसाला. हिलालने पोरीच्या अंगावर टाकायला स्वतःचा गमछा मागे दिला.

ठाण्यात बाई होती खुर्चीवर, चाळिशीची, चष्म्याची. तिने प्रिस्किलाला आधी पाणी दिलं, मग ऐकत गेली, लिहीत गेली. पंचांचा कागद तिने दोनदा वाचला. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"चांगलं लिहिलंय. सह्या यांच्याच ना?" मग तिने हात पुढे केला. "दवाखान्याचे कागद?"

केसपेपर माझ्या पिशवीत होता, पण एक्स-रे घरी राहिला होता. मी केसपेपर दिला. तिने वाचला आणि चष्मा काढला. "यात तर पडली असं लिहिलंय. बांधावरून."

मी काही बोलायच्या आत दारात मोटरसायकल थांबली. दानियल. नखशिखांत भिजलेला, आणि छातीशी युरियाच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. एक्स-रे. तो आत आला, टेबलावर ठेवला, आणि दोन पावलं मागे सरून भिंतीला लागून उभा राहिला. दवाखान्यात उभा होता तसाच.

"कोणी सांगितलं हे डॉक्टरांना?" मॅडमनी विचारलं.

"मी सांगितलं. खोटं सांगितलं. मी आशा आहे मॅडम, काय होईल ते होऊ दे, तेही लिहा."

"पण का? ती तुमचीच नणंद ना?"

काय सांगणार होते मी? घाबरले म्हणून? सासरा उभा होता म्हणून? ते सगळं होतंच. पण त्या दिवशी विचार करायला वेळच लागला नव्हता मला. उत्तर तयार होतं.

"आठ वर्षांपूर्वी माझा दात पडला तेव्हा मी हेच सांगितलं होतं," मी म्हणाले. "बांधावरून पडले. तेच तोंडात होतं."

भिंतीपाशी दानियल खाली बसला. उकिडवा, डोकं दोन्ही हातांत धरून. मी तिकडे बघितलं आणि पुन्हा मॅडमकडे वळले. प्रिस्किलाने तिचा डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला होता. नखांत अजून गाळ होता तिच्या.

मॅडमनी लिहिलेलं पान उलटलं आणि नवं कोरं पान समोर घेतलं.

"पूर्ण नाव सांगा तुमचं," त्या मला म्हणाल्या.

मी सांगितलं.